नेत्रनीला : चेहरा आणि मेंदू यांमधील वाट

नाकावर किंवा वरच्या ओठावर आलेली लहानशी पुळी कोणी फारशी मनावर घेत नाही. दोनचार दिवस ती ठणकते, पिकते, फुटते आणि तिचा विसर पडतो. बहुतेक वेळी घडतेही असेच. परंतु क्वचित प्रसंगी अशाच क्षुल्लक पुळीतून निघालेले जंतू रक्तात शिरतात व थोड्याच दिवसांत धडधाकट माणसाचा प्राण घेतात. अलेक्झांडर स्क्र्याबिन हा रशियाचा विख्यात संगीतकार १९१५ सालच्या एप्रिल महिन्यात मॉस्को येथे वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी मरण पावला, तो वरच्या ओठावरील फोडाचे विष रक्तात भिनल्यामुळे. त्या काळी जंतूंना मारणारे आणि माणसाला न मारणारे असे प्रभावी औषध वैद्यांच्या हाती नव्हते.

ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून नाकाच्या मुळापर्यंतचा जो त्रिकोणी भाग, त्याला वैद्यकात चेहऱ्याचा धोक्याचा त्रिकोण असे म्हणतात. पायावर किंवा पाठीवर आलेल्या फोडापेक्षा या त्रिकोणातील फोड अधिक धोक्याचा का मानावा? या प्रश्नाचे उत्तर चेहऱ्याच्या त्वचेत नाही. ते डोळ्यामागील खोबणीतून जाणाऱ्या काही बारीक नीलांमध्ये आहे. या नीला म्हणजे चेहरा आणि मेंदू यांना जोडणारी एक वाट होय. त्या वाटेवर जंतूंमुळे रक्ताची गुठळी बनली, तर आधी दृष्टीला व नंतर जीवाला धोका उत्पन्न होतो. सुदैवाने आज हा विकार बहुतेक वेळी आटोक्यात आणता येतो. मात्र तो वेळीच ओळखला गेला पाहिजे.

नेत्रकोटराची रचना

डोळा ज्या हाडांच्या खोबणीत बसविलेला असतो, तिला नेत्रकोटर म्हणतात. ही खोबण आडव्या ठेवलेल्या निमुळत्या नरसाळ्यासारखी आहे. तिचे रुंद तोंड पुढे चेहऱ्याकडे व टोक मागे मेंदूकडे असते. तिच्या भिंती सात हाडांच्या मिळून झालेल्या असून तिची खोली ४ ते ५ सेंटिमीटर असते. आत सुमारे ३० घन सेंटिमीटर इतकीच जागा असते, आणि तिच्यात नेत्रगोलाचा वाटा सुमारे सात घन सेंटिमीटरांचा असतो. उरलेल्या जागेत डोळा हलविणारे स्नायू, दृष्टिमज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि या सर्वांना गादीप्रमाणे आधार देणारी चरबी दाटीने भरलेली असते.

या रचनेतील दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली ही की, खोबणीच्या भिंती हाडाच्या असल्यामुळे त्या ताणल्या जात नाहीत. आत सूज आली, तर डोळा पुढे ढकलला जाण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. दुसरी गोष्ट शेजाराविषयीची आहे. नेत्रकोटराच्या वर, खाली आणि नाकाच्या बाजूला हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या आहेत. त्यांनाच व्यवहारात सायनस म्हणतात. सर्दीपडशात त्यांत जंतू वाढून पू साचू शकतो. नाकाच्या बाजूची भिंत तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. शरीररचनाशास्त्रज्ञांनी तिला ‘कागदी पत्रा’ असे जे नाव दिले आहे ते सर्वथा यथार्थ आहे. तिच्यात रक्तवाहिन्यांसाठी बारीक छिद्रेही असतात. म्हणून नेत्रकोटरातील जंतुसंसर्गाचा उगम बहुतेक वेळा या पोकळ्यांत असतो, आणि लहान मुलांत तर ही गोष्ट विशेषच आढळते.

दोन तोंडांची वाट

हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी आणि हृदयाकडे ते परत आणणाऱ्या वाहिन्यांना नीला म्हणतात. रोहिणीतील रक्त हृदयाच्या ठोक्याने जोराने पुढे ढकलले जाते. नीलांत तसा जोर नसतो. तेथे रक्त संथपणे, दाबातील थोड्याशा फरकावर वाहते. पायांतील नीलांमध्ये रक्त मागे फिरू नये म्हणून जागोजागी झडपा असतात.

नेत्रकोटरातील नीलांपैकी दोन मुख्य आहेत. ऊर्ध्व नेत्रनीला डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ सुरू होते, खोबणीच्या छताखालून मागे जाते व खोबणीच्या टोकाशी असलेल्या फटीतून कवटीत शिरते. तिचा व्यास साधारणपणे दोन मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे जाड सुतळीएवढा असतो. अधर नेत्रनीला खोबणीच्या तळाशी असून ती एकीकडे ऊर्ध्व नेत्रनीलेला किंवा कवटीतील रक्तकोशाला मिळते व दुसरीकडे गालामागील खोल नीलांच्या जाळ्याशी जोडलेली असते.

ऊर्ध्व नेत्रनीलेचे पुढचे टोक चेहऱ्यावरील मुखनीलेला येऊन मिळते. नाक, वरचा ओठ व गाल यांचे रक्त या मुखनीलेत जमा होते. त्यामुळे नाकावरील पुळीजवळचे रक्त दोन वाटांनी जाऊ शकते. एक वाट खाली मानेकडे आहे. दुसरी डोळ्याच्या कोपऱ्यातून, नेत्रकोटरातून, थेट कवटीत जाते. खालची वाट सुजेने किंवा दाबाने अडली की रक्त वरच्या वाटेने वळते.

या नीलांत झडपा मुळीच नसतात व म्हणूनच रक्त उलट दिशेने वाहू शकते, असे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत अनेक वर्षे शिकविले जात असे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र मुखनीलेत आणि ऊर्ध्व नेत्रनीलेत झडपा असल्याचे दाखविण्यात आले. यावरून धोका नाहीसा झाला असे कोणी समजू नये. चेहरा आणि कवटी यांना जोडणारी वाट तेथे आहेच, आणि रक्त आपल्या नेहमीच्या दिशेने वाहत असतानाही ते जंतूंना कवटीत नेऊ शकते. बदल झाला तो कारणमीमांसेत. वैद्यांच्या इशाऱ्यात नव्हे.

कवटीतील गुहा

नेत्रनीला ज्या रक्तकोशात रिकाम्या होतात, तो कवटीच्या तळाशी, मेंदूच्या अगदी खाली असतो. त्याच्या आतील पोकळी तंतूंच्या पडद्यांमुळे अनेक लहान कप्प्यांत विभागलेली दिसते. डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि फ्रान्समध्ये स्थायिक झालेला शरीररचनाशास्त्रज्ञ विन्स्लो याने १७३२ साली त्याला ‘कॅव्हर्नस सायनस’, म्हणजे गुहेसारखा कोश, असे नाव दिले. पुढील विवेचनात त्याचा उल्लेख गुहाकोश असा केला आहे. तो उजव्या व डाव्या बाजूस एकेक असून दोन्ही कोश आडव्या नीलांनी एकमेकांस जोडलेले असतात.

सुमारे दोन सेंटिमीटर लांबीच्या या कोशात जी गर्दी आहे, तशी शरीरात अन्यत्र क्वचितच आढळेल. मेंदूला रक्त पुरविणारी मोठी रोहिणी त्याच्या मधून जाते. डोळा हलविणारे तीन मज्जातंतू आणि कपाळ, पापणी व गाल यांना स्पर्शज्ञान देणारे तंतू त्याच्या भिंतीतून किंवा पोकळीतून जातात. डोळा कानाच्या दिशेला वळविणारा मज्जातंतू तर भिंतीत नसून रोहिणीला लागून रक्ताच्या प्रवाहातच असतो. त्यामुळे गुहाकोशात जंतुसंसर्ग झाला की पुष्कळदा प्रथम त्याच्यावरच आघात होतो, व रोग्याला डोळा बाहेरच्या बाजूस वळविता येत नाही. अनुभवी वैद्य एवढ्या एका खुणेवरूनही सावध होतो.

रक्षकच घातक कसा ठरतो

रक्त वाहिनीत असेतोवर पातळ असते व जखमेतून बाहेर पडले की घट्ट होते. हा गुण नसता तर साध्या ओरखड्यानेही माणूस दगावला असता. रक्तातील फायब्रिनोजेन या विरघळलेल्या पदार्थाचे फायब्रिनच्या चिवट धाग्यांत रूपांतर होते. त्या जाळ्यात बिंबाणू व रक्तपेशी अडकतात आणि गुठळी बनते.

वाहिनीच्या आतच गुठळी का व्हावी, याचा शास्त्रशुद्ध विचार रूडोल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने केला. या विषयावरील त्याचे लेखन १८५६ साली संग्रहरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच्या विचारांच्या आधारे पुढील वैद्यांनी तीन कारणे सांगितली : रक्तप्रवाह मंदावणे, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. नेत्रकोटरात जंतुसंसर्ग झाला असता ही तिन्ही कारणे एकाच वेळी उपस्थित होतात. सुजेमुळे नीला दाबली जाऊन प्रवाह मंदावतो. जंतू आणि त्यांची विषे नीलेचे अस्तर खरवडतात. आणि तापाने व दाहाने साऱ्या शरीरातील रक्तच गोठण्यास उत्सुक बनते.

यात जंतूंचा स्वतःचा हातही असतो. ॲबर्डीन येथील शल्यवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन याने १८८० च्या सुमारास गळवांतील पुवात द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे गोल जंतू पाहिले व त्यांना स्टॅफिलोकॉकस असे नाव दिले. यांपैकी ‘ऑरिअस’ ही जात गुहाकोशाच्या संसर्गात सर्वांत अधिक वेळा सापडते. ही जात एक असा पदार्थ निर्माण करते की, ज्याच्या योगाने रक्तद्रव गोठतो. या गोठलेल्या आवरणाआड जंतू शरीराच्या पांढऱ्या पेशींपासून लपून राहतात.

अलीकडील संशोधनाने या चित्रात आणखी भर घातली आहे. जंतूंशी लढताना काही पांढऱ्या पेशी आपल्या केंद्रकातील धागे बाहेर फेकतात व त्यांच्या जाळ्यात जंतूंना पकडतात, हे २००४ साली निदर्शनास आले. हेच जाळे बिंबाणूंना पकडून गुठळीचा पाया घालते. यावरून लहान वाहिन्यांतील गुठळी ही मुळात शरीराने जंतूंच्या वाटेवर घातलेली भिंत असावी, असा विचार पुढे आला आहे. परंतु भिंत अशा ठिकाणी उभी राहिली, जेथून डोळ्याचे सारे रक्त बाहेर पडावयाचे असते, तर रक्षकच घातक ठरतो. शिवाय त्या भिंतीच्या ढिगाऱ्यात जंतू जिवंत असल्यास तिचे तुकडे सुटून रक्ताबरोबर फुप्फुसांपर्यंत जातात व तेथे नवी गळवे निर्माण करतात.

रोगाच्या पायऱ्या

खोबणीच्या हाडाच्या कडेपासून पापणीपर्यंत एक पातळ पण चिवट पडदा असतो. जंतुसंसर्ग या पडद्याच्या पुढे आहे की मागे, यावर रोगाचे गांभीर्य अवलंबून असते. चँडलर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९७० साली केलेली पाच पायऱ्यांची मांडणी आजही वैद्यांना उपयुक्त वाटते. पहिल्या पायरीवर सूज पडद्याच्या पुढे, केवळ पापणीत असते. दुसऱ्या पायरीवर ती पडद्यामागे खोबणीत पसरते. तिसरीत हाड आणि त्यावरील आवरण यांच्यामध्ये पू साचतो, चौथीत खोबणीतच गळू होते, आणि पाचवीत गुहाकोशात गुठळी बनते. मात्र प्रत्येक रोगी क्रमाने पाचही पायऱ्या चढतो असे नाही. धोक्याच्या त्रिकोणातील फोडापासून जंतू नीलेच्या वाटेने एकदम शेवटच्या पायरीवर पोहोचू शकतात.

ऊर्ध्व नेत्रनीलेतील गुठळी ही या वाटेवरील मधली चौकी होय. नीला तुंबली की डोळ्याचे रक्त बाहेर पडू शकत नाही. पापण्या सुजून मिटतात, पांढऱ्या बुबुळावरील आवरण पाण्याने फुगते, डोळा पुढे येतो, हलविताना तीव्र वेदना होतात आणि एकाची दोन चित्रे दिसू लागतात. खोबणीतील दाब वाढून दृष्टिमज्जातंतू चेपला गेला, तर नजर मंदावते; आणि हा दाब वेळीच उतरविला नाही, तर ती कायमची जाऊ शकते. गुठळी गुहाकोशात पोहोचली म्हणजे हुडहुडी भरून ताप येतो, असह्य डोके दुखते, भान हरपू लागते. एक दोन दिवसांत दुसरा डोळाही सुजू लागला, तर ती या विकाराची मोठी खूण समजतात. कारण दोन्ही गुहाकोश एकमेकांस जोडलेले असतात.

ऑक्सफर्ड येथील दोन रोगी

प्रतिजैविक औषधांपूर्वीच्या काळात गुहाकोशातील गुठळी हा बहुधा मृत्यूचाच निरोप असे. हे चित्र कसे पालटले, याची कथा वैद्यकाच्या इतिहासात संस्मरणीय आहे. योगायोग असा की, पेनिसिलीनच्या पहिल्या रोग्यांच्या हकीकतींत नेत्रकोटराचा संसर्ग ठळकपणे येतो.

अलेक्झांडर फ्लेमिंग याने १९२८ साली लंडन येथे पेनिसिलीनचा गुण पाहिला होता. पण ते शुद्ध स्वरूपात मिळविण्याचे काम ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व नॉर्मन हीटली यांनी केले. दुसरे महायुद्ध चालू होते. साधने तुटपुंजी होती. बुरशी वाढविण्यासाठी खास भांडी घडवून घ्यावी लागली. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरी या रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर या ४३ वर्षांच्या पोलीस शिपायाला हे औषध शिरेतून देण्यात आले. चेहऱ्यावरील लहानशा जखमेतून त्याचा चेहरा, टाळू व दोन्ही नेत्रकोटरे यांत पू झाला होता, आणि एक डोळा तर काढून टाकावा लागला होता. चारपाच दिवसांत त्याचा ताप उतरला, त्याला अन्न जाऊ लागले. परंतु औषधाचा साठा संपला. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलीन पुन्हा गाळून घेऊन त्यालाच देण्यात आले. तेही पुरे पडले नाही. संसर्ग पुन्हा उफाळला व १५ मार्च रोजी तो मरण पावला.

या अनुभवानंतर, औषध कमी लागेल म्हणून, शक्य तोवर लहान मुलांची निवड करण्यात आली. त्यांत साडेचार वर्षांचा एक मुलगा होता. त्याला गोवर येऊन गेला होता व पापणीवरील पुळ्यांतून संसर्ग गुहाकोशापर्यंत पोहोचला होता. पूर्वीच्या सर्व अनुभवाप्रमाणे त्याचा मृत्यू अटळ होता. मे १९४१ मध्ये पेनिसिलीन सुरू झाल्यावर तो शुद्धीवर आला, बोलू लागला, खेळण्यांशी खेळू लागला. नंतर मात्र संसर्गाने आधीच दुबळी झालेली एक रोहिणी अकस्मात फुटून रक्तस्राव झाला व तो दगावला. मरणोत्तर तपासणीत जे आढळले ते सर्वांना चकित करणारे होते : गुहाकोशातील जंतुसंसर्ग जवळजवळ निवळला होता. मुलगा वाचला नाही. परंतु असाध्य मानलेला विकार औषधाने हटतो, हे त्याच्या आजाराने सिद्ध झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या रोग्यांचे वृत्त प्रसिद्ध झाले.

या दोन हकीकतींत एक समान धागा आहे. औषध गुणकारी असणे पुरेसे नाही. ते पुरेशा प्रमाणात व वेळेवर मिळाले पाहिजे. पहिल्या रोग्याच्या वेळी औषध अपुरे पडले. दुसऱ्याच्या वेळी ते येईपर्यंत रोहिणीची हानी होऊन चुकली होती. पुढील काही वर्षांत पेनिसिलीन कारखान्यांत तयार होऊ लागले. भारतात पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी उद्योगाने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हे काम हाती घेतले.

आजचे निदान आणि उपचार

जंतूही स्वस्थ बसले नाहीत. १९४० च्या दशकातच पेनिसिलीनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस आढळू लागले, आणि १९६१ साली मेथिसिलिन या नव्या औषधालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले. म्हणून आज एकट्या पेनिसिलीनवर विसंबता येत नाही. रोग्याला रुग्णालयात ठेवून, रक्ताची व पुवाची तपासणी होण्याची वाट न पाहता, दोन किंवा अधिक प्रतिजैविके शिरेतून सुरू करतात. तपासणीत जंतू कळला की त्यानुसार औषध बदलतात. गुहाकोशात गुठळी असल्यास हे उपचार काही आठवडे चालतात. सायनसमध्ये वा खोबणीत पू साचला असेल, तर तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. कारण पुवाच्या साठ्यात औषध नीट पोहोचत नाही.

निदानाच्या साधनांत तर क्रांतीच झाली आहे. नेत्रनीला हाडांच्या आड दडलेली असल्यामुळे पूर्वी तिच्यातील गुठळी जिवंत रोग्यात दिसणे दुरापास्त होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळील विंबल्डन येथे गॉडफ्री हाउन्सफील्ड याच्या यंत्राने प्रथमच रोग्याच्या मेंदूचे सीटी चित्र घेण्यात आले. या शोधासाठी त्याला १९७९ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आज शिरेत रंजकद्रव्य सोडून सीटी किंवा एमआरआय चित्र घेतले म्हणजे फुगलेली नीला आणि तिच्यातील, द्रव्य न शिरलेली, गुठळीची जागा दिसून येते.

गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे काय, याविषयी वैद्यांत अजून पूर्ण एकमत नाही. गुठळीची वाढ थांबविण्याचा लाभ एकीकडे, तर मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय दुसरीकडे. विकार विरळा असल्याने मोठ्या संख्येच्या रोग्यांवर तुलनात्मक प्रयोग झालेले नाहीत. त्यामुळे निर्णय रोग्यागणिक घ्यावा लागतो. एकंदरीत पाहता, पूर्वी ज्या विकारातून क्वचितच कोणी वाचत असे, त्यातून आज दहांपैकी सात-आठ रोगी वाचतात. वाचलेल्यांपैकी काहींची नजर अधू होते किंवा डोळा वळविण्यात कायमची उणीव राहते.

बुरशीचा हल्ला

नेत्रकोटरावर जंतूंप्रमाणेच बुरशीही हल्ला करते, याचा भारताला २०२१ साली दारुण अनुभव आला. माती, कुजका पालापाचोळा व शिळी भाकरी यांवर वाढणाऱ्या म्यूकर वर्गातील बुरशीचे कण श्वासावाटे सर्वांच्याच नाकात जातात. निरोगी शरीर त्यांना सहज हटविते. परंतु ज्यांचा मधुमेह आटोक्यात नसतो, किंवा ज्यांना स्टेरॉइड औषधे मोठ्या प्रमाणात दिली गेलेली असतात, त्यांच्यात ही बुरशी नाकातून सायनसमध्ये, तेथून नेत्रकोटरात व पुढे मेंदूकडे पसरते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ही दोन्ही कारणे असंख्य रोग्यांत एकत्र आली. त्या वर्षी देशात ४०,००० हून अधिक रोग्यांची नोंद झाली. गुजरात व महाराष्ट्र या राज्यांत त्यांची संख्या विशेष मोठी होती. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा विकार नोंदणीस पात्र ठरविण्यास सांगितले.

या बुरशीची रीत जंतूंहून वेगळी आहे. तिचे धागे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतच घुसतात आणि आत गुठळ्या बनवितात. रक्त न मिळाल्याने मांस मरते व काळे पडते. ‘काळी बुरशी’ हे लोकांत रूढ झालेले नाव त्यावरूनच आले. बुरशी स्वतः काळी नसते. अँफोटेरिसीन-बी हे औषध आणि मृत भाग कापून काढणे हेच तिच्यावरील मुख्य उपाय होत. कित्येकांचे प्राण वाचविण्यासाठी डोळा काढावा लागला. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे ही डोळ्याचीही राखण आहे, हा धडा त्या वर्षाने दिला.

घ्यावयाची काळजी

या विकाराची भीती बाळगण्याचे कारण नाही. तो विरळा आहे. मात्र काही साध्या गोष्टी प्रत्येकाने पाळाव्यात. नाक, वरचा ओठ व डोळ्यांच्या जवळपास आलेली पुळी, केसतूड किंवा रांजणवाडी नखांनी दाबून फोडू नये. दाबल्याने पू नेहमी बाहेरच येतो असे नाही. तो खोल शिरून नीलांच्या वाटेला लागू शकतो. स्वच्छ कोमट पाण्याचा शेक पुरेसा असतो. फोड वाढला, चेहऱ्याला सूज आली किंवा ताप आला, तर वैद्याकडे जावे. सर्दी बरी होत आलेली असताना पुन्हा ताप येऊन एका बाजूची पापणी सुजली, तर ती डास चावल्याची सूज आहे असे गृहीत धरून घरी थांबू नये.

पुढील खुणांपैकी एकही दिसल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे : डोळा पुढे आलेला दिसणे, डोळा हलविताना दुखणे किंवा तो न हलणे, एकाची दोन चित्रे दिसणे, नजर मंद होणे, डोळ्याच्या सुजेबरोबर थंडी भरून ताप किंवा तीव्र डोकेदुखी असणे, आणि सूज एका डोळ्यावरून दुसऱ्यावर जाणे. लहान मूल ‘दिसत नाही’ असे सांगणार नाही. म्हणून सुजलेली पापणी हलकेच उघडून डोळा नीट वळतो की नाही, हे वडीलधाऱ्यांनी पाहावे.

प्रतिबंधाचा आणखी एक मार्ग लसीचा आहे. हिमोफिलस इन्फ्लुएंझा-बी हा जंतू पूर्वी लहान मुलांतील नेत्रकोटराच्या संसर्गाचे एक प्रमुख कारण होता. जेथे त्याच्या प्रतिबंधक लसीचा प्रसार झाला, तेथे हे कारण मागे पडले. भारतात या लसीचा अंतर्भाव असलेली पंचगुणी लस डिसेंबर २०११ पासून केरळ व तामिळनाडू येथे आणि पुढे सर्व राज्यांत बालकांना देण्यात येऊ लागली. गोवराची लसही याच दृष्टीने मोलाची आहे. ऑक्सफर्डच्या त्या मुलाचा आजार गोवरातूनच सुरू झाला होता.

डोळ्यामागील दोन मिलिमीटर रुंदीची ही वाट बंद करता येत नाही, आणि ती बंद होणे हाच तर रोग आहे. करता येण्याजोगे एवढेच की, त्या वाटेला जंतू लागणार नाहीत अशी काळजी घ्यावी, आणि ते लागल्याची खूण दिसताच विलंब करू नये. १९४१ साली ऑक्सफर्डच्या वैद्यांजवळ ज्ञान होते, पण औषध चमच्याने मोजण्याइतके होते. आज औषध विपुल आहे; वेळ मात्र तेव्हाइतकीच थोडी आहे.